नखाएवढं झाकण आणि सव्वा तासाचा जाम

परवा संध्याकाळी आपल्या देवगावच्या चौकात सव्वा तास जाम लागला होता. अडकलेल्यांनी त्या गाडीवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. व्हिडिओ निघाले, ग्रुपवर फिरले. "पंधरा लाखांची गाडी, पंधरा पैशांची अक्कल" असं कॅप्शनही एकानं दिलं, त्यावर हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला.

मी तिथं पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत होतो. म्हणून हे लिहितोय. पोस्ट जरा लांब झाली आहे, पण पूर्ण वाचा. गाडी कशी सोडवायची तेही खाली दिलंय. आणि शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या होत्या, तेही.

झालं असं. एक निवृत्त गुरुजी, वय पासष्टच्या आसपास, सहकुटुंब शहराकडून येत होते. पोरानं मागच्या वर्षी ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिलेली. कारण काय, तर गुरुजींचा डावा गुडघा क्लच दाबून दुखतो. चौकाच्या अलीकडं केळी घ्यायला थांबले. गाडी अर्धी साइडपट्टीवर, अर्धी डांबरावर. तिथं लावायला नको होती, मान्य. पण साइडपट्टीवर आपण हातगाडे, पत्र्याचे शेड आणि बांधकामाची खडी किती ठेवली आहे, तेही एकदा बघा. गाडी 'पी'मध्ये टाकली, इंजिन बंद केलं, दिवे आणि गाणी मात्र चालू राहिली. मागं नातवंडं बसलेली. बॅटरी आधीच म्हातारी झालेली असणार. पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन चावी फिरवली तर नुसतं टक-टक. दुसऱ्यांदा फिरवली तर तेही नाही. डॅशबोर्ड काळा.

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. बॅटरी कुणाचीही उतरते. जुनी जीप असती तर चार पोरांनी धक्का मारला असता, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला असता आणि गाडी धूर सोडत निघाली असती. ही गाडी धक्क्यानं सुरू होत नाही. तेही ठीक, निदान ढकलून कडेला तरी घेऊ म्हटलं. तर गिअरचा दांडा 'पी'मधून हलेचना. गुरुजींनी ब्रेक दाबला, दांड्याचं बटण दाबलं, ओढलं, पुन्हा ओढलं. दांडा जागचा हलला नाही.

तेवढ्यात समोरून ट्रेलर आला, मागून मक्याचा ट्रक. दोघंही पुढं घुसले आणि चौकाला बूच बसलं.

आपल्या रस्त्यावर हे ट्रेलर किती वाढलेत ते तुम्हाला सांगायला नको. ऑगस्ट २०२३मध्ये खंडपीठाच्या आदेशानं ऑट्रम घाट जड वाहनांना बंद झाला, तेव्हा पर्यायी रस्ता म्हणून कसाबखेडा, देवगाव, शिऊर बंगला, नांदगाव हे नाव कागदावर आलं. कागदावर नाव यायला एक सही लागते. रस्ता रुंद व्हायला किती लागतं, ते आपण बघतोच आहोत. सांगायचा मुद्दा, या रस्त्यावर एक गाडी आडवी झाली की ती एकट्या गाडीवाल्याची अडचण राहत नाही.

मग सुरू झाला आपला नेहमीचा तमाशा. वीस जण ढकलायला आले. मागची चाकं फिरायला तयार, पुढची खिळल्यासारखी. कुणी म्हणे हँडब्रेक अडकलाय, कुणी म्हणे इंजिन जाम झालंय. एकानं ट्रॅक्टर आणला, दोर बांधला. पुढचे टायर डांबरावर घासले, रबराचा वास सुटला, गाडी दोन फूट सरकली ती उलट रस्त्याच्या मध्ये. गुरुजींच्या मिसेस रडायला लागल्या. गुरुजी आमच्याकडं बघून सारखे म्हणत होते, "अहो, मला कुणी सांगितलंच नाही हो."

आणि मागं, साठ-सत्तर गाड्यांच्या मागं, १०८ वाजत होती.

आत एक शेतमजूर होता. कपाशीत खुरपताना पायाला साप चावलेला. साप चावलेल्या माणसाला अर्धा तास म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. शेवटी ड्रायव्हरनं रुग्णवाहिका कशीबशी उलटी घेतली आणि पाणंदीच्या चिखलातून फिरवून काढली. तो माणूस वाचला. वाचला म्हणून हे लिहायला हात धजावतोय. नसता वाचला तर ही पोस्ट वेगळी असती, आणि गुरुजींवर काय वेळ आली असती त्याची कल्पना करवत नाही.

गाडी सुटली कशी ते ऐका. दुचाकीच्या गॅरेजवरचा एक पोरगा आला. दोन वर्षं शहरात कार वॉशिंगला होता. म्हणाला, "गुरुजी, जरा बाजूला व्हा. कुणाकडं बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का?" हँडब्रेक ओढला. पुढच्या-मागच्या चाकाला दगड लावले. गिअरच्या दांड्याशेजारी नखाएवढं प्लास्टिकचं झाकण होतं, ते अलगद उचकटलं. आतल्या भोकात स्क्रूड्रायव्हर दाबून धरला, पायानं ब्रेक दाबला, दांडा ओढला. सरळ 'एन'मध्ये. मग दगड काढले, हँडब्रेक सोडला आणि सहा जणांनी गाडी कडेला नेली.

सगळं मिळून दोन मिनिटं. जाम सव्वा तासाचा.

आता माझा राग समजून घ्या.

हे झाकण त्या पोरानं शोधून काढलेलं नाही. ते कंपनीनंच केलेलं आहे, याच कामासाठी केलेलं आहे. 'पी'मध्ये गाडी टाकली की गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी दात चाकात अडकतो आणि गाडी जागेवर बांधली जाते. वरून दांड्यालाही एक कुलूप असतं. ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय ते उघडत नाही, आणि ते उघडतं विजेवर. बॅटरी मेली की वीज नाही, वीज नाही की ब्रेक कितीही दाबा, कुलूप बंदच. हे होणार हे बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणूनच बऱ्याचशा गाड्यांत हातानं कुलूप उघडायची ही सोय ठेवलेली असते. शिफ्ट लॉक रिलीज म्हणतात तिला.

कुलूप वाईट नाही, हेही सांगतो. १९८६ साली अमेरिकेत ऑडी कंपनीच्या गाड्यांवर मोठं वादळ उठलं होतं. लोक म्हणत, गाडी 'पी'मधून काढली की आपोआप उधळते. १९८९मध्ये तिथल्या सरकारी तपासात निघालं की पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. तोवर ऑडीनं ब्रेक दाबल्याशिवाय दांडा हलणार नाही असं कुलूप बसवायला सुरुवात केली होती, पुढं इतरांनीही तेच केलं, आणि सप्टेंबर २०१०पासून तिथं बनणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते कायद्यानं सक्तीचं झालं. गाडीत खेळणाऱ्या लेकरानं दांडा ओढला तरी गाडी उतारावरून सुटू नये, हाही त्यात हेतू. म्हणजे कुलूप चांगलं, त्याची किल्लीही गाडीतच दिलेली. फक्त किल्ली कुठं ठेवली आहे, हे गुरुजींना कुणी सांगितलं नाही.

"पुस्तकात लिहिलेलं असतं." हे उत्तर मला शहरातल्या एका शोरूममध्ये मिळालं. काल मुद्दाम गेलो होतो. आधी तिथल्या पोराला दांड्याशेजारचं झाकण दाखवून विचारलं, हे कशाला आहे? म्हणाला, "सर, ते डिझाइन आहे." मग त्याचा साहेब आला आणि पुस्तकाची गोष्ट निघाली. पुस्तक बघितलं. जाडजूड, इंग्रजीत, आणि ही माहिती आत खोल कुठंतरी. गुरुजींनी चाळीस वर्षं मराठी शिकवलं. रात्री आठ वाजता, मागं हॉर्न वाजत असताना, मोबाइलच्या उजेडात त्यांनी ते पान शोधायचं?

आता शेतकरी बांधवांनी एक गोष्ट आठवावी. फवारणीचं औषध घेतलं की डब्यासोबत घडी घातलेला कागद येतो. त्यात मराठी मजकूर असतो. विषबाधा झाली तर काय करायचं तेही असतं. कंपनीला आपला पुळका आला म्हणून नव्हे, १९७१चे कीटकनाशक नियम स्थानिक भाषेत माहिती द्यायला लावतात म्हणून. चारशे रुपयांच्या बाटलीला मराठी कागद येतो आणि पंधरा लाखांच्या गाडीला येत नाही. गाडी देताना हार घालतात, नारळ फोडतात, मोठ्या चावीची पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात देऊन फोटो काढतात. मोबाइल गाडीला कसा जोडायचा हे वीस मिनिटं शिकवतात. बंद पडली तर कशी हलवायची हे दोन मिनिटं सांगायला मात्र वेळ नाही.

साहेबांचं दुसरं उत्तर, "सर, रोडसाइड असिस्टन्सला फोन करायचा. ग्राहकानं स्वतः हात लावू नये." वा! ती मदत शहरातून निघणार, आणि येऊन अडकणार त्याच जाममध्ये, आमच्या मागं. आणि हात लावायचाच नव्हता तर कंपनीनं झाकण ठेवलं कशाला आणि पुस्तकात कृती छापली कशाला?

लायसन्सचंही तेच. आपल्याकडं हलक्या मोटारीचं लायसन्स एकच, क्लचची असो की बिनक्लचची. शिकायचं क्लचच्या गाडीवर, परीक्षा तिच्यावर, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑटोमॅटिक चालवायला मोकळे. १९८९च्या केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याच्या चाचणीत विचारतात काय, तर वाहतुकीची चिन्हं, अपघातानंतरची कर्तव्यं, बिनफाटकाचं रेल्वे क्रॉसिंग, जवळ ठेवायची कागदपत्रं. सगळं गरजेचं आहे. पण बंद पडलेली गाडी रस्त्यातून बाजूला कशी घ्यायची हा विषयच त्यात नाही. दंड मात्र तयार आहे. रहदारीला अडथळा केला, मोटार वाहन कायदा कलम २०१, पाचशे रुपयांपर्यंत. रुग्णवाहिकेची वाट अडवली तर दहा हजारांपर्यंत. शिकवणं शून्य, वसुली मात्र वेळेवर.

आणि आता आमची पाळी. मी पत्रकार आहे. मागच्या दसऱ्याला एका शोरूमच्या जाहिरातीसोबत "वाहनप्रेमींसाठी पर्वणी" अशी अर्धं पान बातमी मीच लिहिली. मायलेज लिहिलं, रंग लिहिले, मान्यवरांची नावं क्रमानं लिहिली. झाकण लिहिलं नाही. मला माहीतच नव्हतं, आणि विचारावंसं वाटलं नाही. तेव्हा शिव्यांतला माझा वाटा मी घेतो.

काही जण म्हणतील, शेतकऱ्यांचे एवढे प्रश्न सोडून हा गाडीवाल्यांचे चोचले घेऊन बसला. भाऊ, गाडी गुरुजींची होती. पण मागं रुग्णवाहिकेत जो होता त्याच्याकडं सायकलसुद्धा नाही.

आता कृती. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. आधी मागून येणाऱ्यांना सावध करा. बॅटरी मेली असेल तर ब्लिंकरही लागणार नाहीत. डिकीतला लाल त्रिकोण मागं चांगला लांब ठेवा. रात्री एक माणूस बॅटरी घेऊन कडेला उभा करा, रस्त्यात नाही.

२. हँडब्रेक पूर्ण ओढा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. ही पायरी सोडायची नाही. 'पी' सुटला की गाडीला धरणारं दुसरं काही उरत नाही. उतारावर असाल आणि खात्री नसेल तर हात लावू नका, मदतीची वाट बघा.

३. चावीची गाडी असेल तर चावी फिरवून स्टेअरिंगचं कुलूप मोकळं करा.

४. दांड्याशेजारी छोटं झाकण शोधा. काही गाड्यांत झाकणाऐवजी उघडं बटणच असतं. कापड गुंडाळलेल्या स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचका. आत चावी किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून धरा, ब्रेक दाबा, दांड्याचं बटण दाबून 'एन'मध्ये घ्या.

५. ढकलताना एक जाणता माणूस स्टेअरिंगवर हवाच. इंजिन बंद असताना ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो, नंतर दगडासारखा होतो, पूर्ण ताकद लावावी लागते. स्टेअरिंगही जड होतं. गाडीच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही, लेकरं तर अजिबात नाहीत.

६. कडेला गेली की हँडब्रेक, पुन्हा 'पी', पुन्हा दगड.

झाकण नसेल तर? नव्या गाड्यांत दांड्याऐवजी फिरवायचं चाक किंवा बटणं येतात, सगळं वायरीवर चालतं. हँडब्रेकही बटणाचा असतो, तोही विजेशिवाय सुटत नाही. तिथं सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून उसनी वीज घेणं. लाल वायर दोन्हीकडं प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. गाडी सुरू झाली तर उत्तमच, नाही झाली तरी 'एन'मध्ये घ्यायला पुरेल इतकी वीज बहुधा मिळते. विजेवरच्या गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, रुसते ती तीच. उसनी वीज द्यायची तीही तिलाच, पण कुठं जोडायची ते तिच्या पुस्तकात बघूनच. विजेवरची गाडी चाकं जमिनीवर ठेवून दोरानं ओढू नका, मोटार खराब होते.

स्वस्तातल्या पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्या एएमटी असतात, त्यांत 'पी' नसतोच. त्या गिअरमध्ये असताना वीज गेली तर गिअरमध्येच राहतात, त्यांनाही उसनी वीज हाच इलाज.

दांडा वीज असतानाही उतारावर घट्ट बसत असेल तर सवय बदला. थांबल्यावर आधी 'एन', मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, आणि शेवटी 'पी'. भार त्या लोखंडी दातावर येत नाही.

आणि ट्रॅक्टरवाल्या मित्रांनो, 'पी'मधली गाडी ओढू नका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, जशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या असतात, तर क्रेननं पुढची चाकं उचलून नेता येते. फरफटत नेली तर टायर जातात आणि गिअरबॉक्सही जाऊ शकतो.

मागण्या साध्या आहेत, कुणाला फार खर्च नाही. गाडी ताब्यात देताना हे झाकण ग्राहकाच्या हातानं एकदा उघडून घ्या. मराठीत एक पान छापा आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, त्या जाड पुस्तकात नको. लायसन्सच्या चाचणीत यावर एक प्रश्न घाला. महामार्गावरच्या पोलिसांना आणि क्रेनवाल्यांना हे एकदा दाखवा. परवा आपला पोलीस दादा दोन्ही हातांनी गाडी ढकलत होता, घामानं भिजला होता. त्याची मेहनत कमी नव्हती, त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर आपण एक करू. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता चौकाजवळच्या मोकळ्या जागेत ज्यांच्याकडं ऑटोमॅटिक गाडी आहे त्यांनी ती घेऊन या. गॅरेजवरचा तो पोरगा यायला तयार आहे, गुरुजीही येणार आहेत. प्रत्येकानं आपल्या गाडीचं झाकण शोधायचं आणि स्वतःच्या हातानं एकदा 'एन' करून बघायचं. झाकण सापडलं नाही तर पुस्तक आणा, मिळून वाचू. चहा माझ्याकडून.

आणि ज्यानं तो कॅप्शनवाला व्हिडिओ टाकला, त्या भावाला विनंती. तो काढून टाक आणि रविवारी ये. तुझ्या भाऊजींची गाडीही ऑटोमॅटिक आहे, मला माहीत आहे.